जांभळा जांभळाच दाखवणारा फोन

धाकटी बहीण नवा फोन घ्यायला येवल्याहून नाशिकला येणार म्हटल्यावर कोणता फोन घ्यायचा हे मी तिच्या आधीच ठरवून टाकलं होतं. माझा स्वभावच तसा. शाळेच्या कचेरीत क्लार्क म्हणून इतकी वर्षं काढली की समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायची खोड लागते. मी कचेरीत चौकशी केली होती, शेजारीपाजारी विचारलं होतं, रोज जेवणं झाल्यावर मोबाइलवर मोबाइलचेच व्हिडिओ बघितले होते. त्यातली पोरं फोनचं खोकं उघडताना इतकी हरखून जायची की मलाही उगाच आनंद व्हायचा. रॅम, स्टोरेज, बॅटरी, सगळं मला तोंडपाठ झालं होतं. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "परीक्षेला बसणार आहेस का?" मी लक्ष दिलं नाही.

सीबीएस स्टँडवर एसटीतून ती उतरली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं, कांदे असणार. येवल्याहून ती रिकाम्या हाताने कधी येत नाही. घरी आल्यावर चहा ओतेपर्यंत तिने पिशवीतून एक मऊ जुना रुमाल काढला आणि टेबलावर उलगडला. आत रेशमाच्या लहान लहान लडी होत्या. राणी, मोरपंखी, डाळिंबी, लिंबू, आणि सगळ्यांत वर एक जांभळी.

"हे कशाला आणलंस?"

"फोनला दाखवाया," ती म्हणाली.

माझी बहीण पैठणी विणते. आमच्या माहेरी मागाला कोणी हात लावलेला नव्हता. वडील कारखान्यात, आई घरी, आम्ही दोघी सिडकोतल्या दोन खोल्यांत वाढलो. ती येवल्याला दिली गेली आणि तिथे सासरच्या पुढच्या खोलीत माग होता. सासूने तिला शिकवलं. पहिल्या वर्षी ती फोनवर रडायची. पाठ धरते, धागा तुटतो, सासूबाई विणलेलं पुन्हा उसवायला लावतात. मग हळूहळू रडणं बंद झालं आणि ती मोरांबद्दल बोलायला लागली. पदरावरचा मोर म्हणजे घरातलं कोणी असावं तसं बोलायची, आज त्याची मान झाली, उद्या पिसारा धरते.

ही सगळी वर्षं तिने एका व्यापाऱ्याचं काम केलं. तो रेशीम आणि जरीचा धागा देणार, ही विणून देणार आणि मजुरी घेणार. माणूस वाईट नाही. मजुरी वेळच्या वेळी देतो, सासू गेली तेव्हा घरी येऊन बसला होता. पण साडी त्याच्या दुकानात गेली की गेली. ती कोणी घेतली, कोणाच्या लग्नात नेसली, काही कळायचं नाही. एकदा ती मला म्हणाली होती, "ताई, एवढ्या साड्या झाल्या हातून, पण अंगावर नेसलेली एक पण नाय बघितली मी." मी विषय बदलून भाजीचं काहीतरी विचारलं होतं.

म्हणून गेल्या वर्षी तिने स्वतःच्या पैशाने रेशीम आणलं आणि स्वतःची साडी मागावर लावली. जांभळी, हिरव्या काठाची, पदरावर मोर. फोटो काढायचा, ओळखीपाळखीच्या ग्रुपवर टाकायचा आणि सरळ नेसणारीला विकायची, असा बेत होता. फोन होता पोराचा जुना. पोरगा पुण्याला नोकरीला लागल्यावर त्याने नवा घेतला आणि हा आईला ठेवून गेला. त्या फोनने घात केला. फोटोत साडी निळी दिसली, एका बाईंनी निळी म्हणून मागवली, हातात पडली जांभळी. साडी परत आली, आणि तिच्याबरोबर मोबाइलवर एक मेसेज आला. त्यात 'फसवणूक' असा शब्द होता. बहिणीने तो मेसेज मला दाखवला नाही, वाचून दाखवला, आणि त्या शब्दाशी येऊन थांबली.

आता अमरावतीच्या एका बाई जांभळी पैठणी शोधत होत्या. मुलीचा साखरपुडा होता आणि मुलीने जांभळीचाच हट्ट धरला होता. हिने फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं, "ताई, ही तर निळी आहे." हिने खिडकीत धरून काढला, अंगणात धरून काढला, दोरीवर टाकून काढला. प्रत्येक वेळी निळी. बोलून सांगितलं, जांभळीच आहे हो. त्या म्हणाल्या, मग फोटोत का दिसत नाही? आधी पाठवून मग बघू, ही झंझट त्यांना नको होती, आणि एकदा पोळल्यावर हिलाही नको होती.

तोवर माग रिकामा पडला होता. साडीत अडकलेले पैसे मोकळे झाल्याशिवाय पुढचं रेशीम येणार कुठून? मेव्हणे एवढंच म्हणाले होते की ही साडी गेली तर ठीक, नाही तर पाडव्यापासून व्यापाऱ्याचं काम परत धर. ते रागाने म्हणाले नव्हते. घरात माग रिकामा दिसला की कोणालाही तसंच वाटेल. फोनसाठी पोराने पैसे पाठवले होते, तो म्हणत होता चांगला महागाचा घे, पण हिने दहा-बारा हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. आणि तिला फोनकडून एकच गोष्ट हवी होती. जांभळा जांभळा दिसला पाहिजे.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "माझ्या फोनने काढू. माझा कॅमेरा चांगला आहे." लेकाने वाढदिवसाला दिलेला माझा फोन तिच्या बजेटच्या दुपटीचा आहे, हे मी बोलले नाही, पण मनात होतं. गॅलरीत उन्हात लड ठेवून मी फोटो काढला. फोटोत लड चकाकत होती आणि निळीशार होती. शाईची बाटली सांडावी तशी.

"तुझा पण तसलाच हाय," ती म्हणाली.

"माझा जुना झालाय आता," मी म्हटलं. तो काही फार जुना झालेला नाही.

रिक्षाने आम्ही मेन रोडला गेलो. पहिल्या दुकानातल्या सेल्समनने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बजेट काय, मॅडम? वापर कसा आहे? रील्स, गेमिंग?"

मी तोंड उघडणार तोच बहीण म्हणाली, "आम्हाला जांभळा दाखवा."

तो "हो हो" म्हणत आत गेला आणि पाठ जांभळी असलेला एक फोन घेऊन आला. वर म्हणाला, "हा कलर लास्ट पीस आहे, ताई." मला हसू आवरेना. बहीण मात्र हसली नाही. तिने रुमाल सोडला, लडी काउंटरवर मांडल्या आणि त्याला शांतपणे समजावलं. त्या बिचाऱ्याने आजवर काउंटरवर बरंच काही बघितलं असेल, रेशीम बघितलं नसणार. त्याने एकेक फोन पुढे केला. आमच्या भोवती दोन-चार गिऱ्हाईकं गोळा झाली. एका फोनने जांभळा निळा केला. दुसऱ्याने इतका निळा केला की हिने मान फिरवली. तिसऱ्याने राणी रंग लाल करून टाकला. सेल्समन म्हणाला, "मॅडम, उलट किती ब्राइट आलाय बघा ना, ओरिजिनलपेक्षा भारी." मला वाटतं, त्याला खरोखरच ते कौतुक वाटत होतं.

मी माझी विद्या पाजळली. "महागातला दाखवा," म्हटलं. "कॅमेऱ्याला पैसे पडतातच." त्याने बजेटच्या कितीतरी वरचा एक फोन काढला, आणि बहीण घाबरून "नको नको" म्हणत असताना मी त्यानेही फोटो काढायला लावला. फोटो असा सुंदर आला की लडीवर कोणी दिवा लावलाय असं वाटावं. आणि रंग? वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिरातीतला, भडक निळा. रात्री रात्री बघितलेले माझे सगळे व्हिडिओ तिथल्या तिथे पाण्यात गेले. बहिणीने लडी गोळा केल्या आणि त्या माणसाला दोनदा "तुम्हाला तरास दिला" म्हणाली. तो म्हणाला, "कशाचा त्रास, ताई," आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

शालिमार चौकाकडे वळताना वाटेत काळ्या द्राक्षांची गाडी होती. बहीण थांबली, एक घड उचलून उन्हात धरला आणि लडीशेजारी लावून बघितला. द्राक्षवाल्याने विचारलं, "ताई, अर्धा किलो का किलो?" ती म्हणाली, "रंग बघत व्हते." त्याला काही कळलं नाही. शेवटी मीच अर्धा किलो घेतली, लाजेकाजेस्तव.

दुसऱ्या दुकानात एक मुलगी होती. वय असेल बावीस-तेवीस. अंगात एका मोबाइल कंपनीचा टी-शर्ट, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर सकाळपासून उभं राहिल्याचा शीण. तिने साहजिकच आधी आपल्याच कंपनीचे फोन पुढे केले. मी चिडलेलीच होते. मी म्हटलं, "तू तुझ्या कंपनीचा खपवणार, हे आम्हाला ठाऊक आहे." ती ओशाळली नाही. म्हणाली, "मॅडम, टार्गेट असतं. पण तुम्ही सांगा ना काय हवंय, मी बघते." ते ऐकून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

बहिणीने तिला सगळं सांगितलं. साडी, अमरावतीच्या बाई, निळा रंग, फसवणूक हा शब्द. अगदी अनोळखी मुलीला, काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या. मला तर ती इतकं सविस्तर सांगत नाही. मुलगी लडीवरून बोट फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "इथल्या लाइटमध्ये काही कळणार नाही. बाहेर बघू." पण डेमोचे फोन सगळे वायरने काउंटरला बांधलेले. बाहेर न्यायचे कसे? तिने मॅनेजरकडे एक नजर टाकली, एका फोनची वायर किल्लीने सोडवली आणि आम्हाला घेऊन दारात गेली. मग परत आत, दुसरा फोन, परत दारात. असं तिने किती वेळा केलं! दोन फोन तर दुसऱ्याच कंपन्यांचे होते. ते आणताना ती मॅनेजरकडे बघत नव्हती.

दारातल्या उन्हात, आणि त्या मुलीने कॅमेऱ्यातलं फोटो आपोआप खुलवणारं एक बटण बंद केल्यावर, एका फोनमध्ये जांभळा जांभळा दिसला. पुरता नाही, पण बहिणीने लड स्क्रीनशेजारी धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "जवळ आला. लय जवळ आला." तिचा चेहरा उजळला. फोन साधासा होता, बजेटमध्ये बसणारा, मी बघितलेल्या एकाही व्हिडिओत नसलेला.

मग बाकीची परीक्षा. मुलीने बॅटरी मोठी आहे म्हणून सांगितलं, ते बहिणीला पटलं, कारण त्यांच्याकडे लाइटचा भरवसा नाही. अक्षरं मोठी करून दाखवली. पैसे घेण्याचं आणि देण्याचं ॲप कसं चालतं ते दाखवलं. बहीण म्हणाली, "माग चालू असला की जुन्या फोनची बेल मला ऐकू येत नाय. ह्याची येईल का?" कसं तपासायचं? तर माझी ही बहीण, पदर खोचून, काउंटरवर दोन्ही तळहातांनी मागाचा ठेका धरून बसली. खट्-खट्, खट्-खट्. मुलीने फोन वाजवला. दुकानातले सगळे बघायला लागले. मॅनेजर जागचा उठला. ठेक्याच्या वर बेल खणखणीत ऐकू आली. बहिणीने हात थांबवले आणि म्हणाली, "द्या हाच."

जुनं सिम नव्या फोनात गेलं, काचेवर पातळ कागद चिकटवला गेला, रबरी कव्हर बसलं. निघताना बहिणीने जांभळ्या लडीतला हातभर धागा काढून त्या मुलीला दिला. "रंग आवडला ना तुला? घे." मुलीने तो खरंच घेतला. मला तेव्हा तो नुसता भाबडेपणा वाटला.

समोरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. बहीण इतकी खुशीत होती की तिने भजीही मागवली. लड बशीशेजारी ठेवून उन्हाच्या तिरिपेत तिने पहिला फोटो काढला आणि म्हणाली, "तुला पाठवते. तू सांग, अमरावतीला असाच पाठवू का." माझा फोन वाजला. मी फोटो उघडला.

निळा.

मी तिचा फोन हातात घेतला. तिथे जांभळा. माझ्या फोनवर तोच फोटो निळा. मी दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. भजी गार झाली. ती अगदी हळू म्हणाली, "म्हंजे त्यांच्या फोनवर कसा दिसंल, कोणाला ठावं." मला तिच्याकडे बघवेना. मला इतकं वाईट वाटलं की मी नेहमीप्रमाणे चिडले. "चल," म्हटलं. "फोन परत करू. असा कसा विकतात?"

ती नको नको म्हणत असताना मी तिला ओढत दुकानात नेलं. मुलीने दोन्ही फोन बघितले, मग आपला स्वतःचा फोन काढला, कोपऱ्यातून तडा गेलेला, आणि तो फोटो त्यावर मागवून घेतला. त्यावर तो तिसऱ्याच रंगाचा दिसला, करडा आणि मळकट. ती म्हणाली, "मॅडम, आपला फोन आपण निवडू. समोरच्याचा कसा निवडणार?" मॅनेजर बघत होता. मला आणखी भांडायचं होतं, पण भांडायला कोणी उरलंच नव्हतं. फोन खोटा नव्हता, मुलगी खोटी नव्हती आणि अमरावतीच्या बाईसुद्धा खोट्या नव्हत्या.

बहीण त्या मुलीच्या हाताकडे बघत होती. आम्ही चहाला गेलो तेवढ्या वेळात मुलीने तो धागा मनगटाला गुंडाळून गाठ मारली होती. दुकानाच्या पांढऱ्याफटक दिव्यातही तो जांभळाच दिसत होता. गडद आणि शांत, जसा आहे तसा.

"बांधलास व्हय?" बहिणीने विचारलं.

मुलगी जरा लाजली. "सहज. घरी आईला दाखवेन म्हटलं. फोटोत दाखवून तिला कळायचं नाही."

बहीण माझ्याकडे वळली. "ताई, तुझ्या पर्सीत पाकीट हाय का? कागदाचं."

कचेरीतली बाई मी, माझ्या पर्समध्ये पाकिटं नसतील तर कोणाच्या असतील? मी खाकी पाकीट काढलं. तिने तिथल्या तिथे काउंटरवर लड सोडली. जांभळा धागा मनगटाला बांधता येईल एवढा घेतला, चार पदरी केला, पीळ दिला. मग काठाचा हिरवा घेतला, तसाच. दोन्ही पाकिटात घातले. मुलीने पेन दिलं. अमरावतीचा पत्ता बहिणीने सांगितला, मी लिहिला. फोन परत करायचा विषय कोणी काढला नाही. पोस्टात जाऊन आम्ही ते पाकीट टाकलं तेव्हा खिडकी बंद व्हायच्या बेतात होती.

संध्याकाळच्या गाडीत तिला बसवताना मी म्हटलं, "अगं, धागाच पाठवायचा होता तर एवढा फोन कशाला घेतला?" ती खिडकीतून म्हणाली, "बेल तर ऐकू येईल ना." माझी बहीण अशी आहे. चिडवावं तर ती चिडतच नाही, आणि मग चिडवणाऱ्याचीच पंचाईत होते. एसटी निघाली. घरी येऊन मी ती द्राक्षं धुतली आणि ह्यांच्यासमोर ठेवली. ह्यांनी विचारलं, "पास झालीस का?" मी म्हटलं, "निकाल लागायचाय."

निकालाची वाट बघणं सोपं नव्हतं. बहीण रोज फोन करायची आणि अमरावतीचं नाव काढायची नाही. मीही काढायची नाही. नव्या फोनवर आवाज स्वच्छ यायचा, इतका की मागची शांतता मला ऐकू यायची. पूर्वी तिचा फोन आला की मागे खट्-खट् असायचं, कोणी तरी धोटा टाकत असायचं, मेव्हणे नाहीतर हीच एका हाताने. आता काही नव्हतं. पाडवा जवळ येत होता. एक दिवस ती म्हणाली, व्यापाऱ्याने निरोप पाठवलाय, रेशीम देतो म्हणून. मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "बघू."

मी एकटी असताना मनात फार वाद घातले. कोणाशी, ते सांगता येणार नाही. त्या बाईंशी, पोस्टाशी, फोन बनवणाऱ्यांशी. माझ्या बहिणीने एक साडी स्वतःची म्हणून विणली होती आणि ती कपाटात घडीत पडून होती. जगातल्या कोणा एका बाईला ती नेसावीशी वाटली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं?

मग एका दुपारी मी कचेरीत असताना तिचा फोन आला. ती बोलेचना. मी घाबरले. "काय झालं? कोणाला बरं नाही का?" शेवटी नाक ओढत म्हणाली, "त्यांचा फोन आला व्हता. म्हणाल्या, पाकीट मिळालं. पोरीने धागा हातात धरला आन् म्हणाली, आई, हाच. पाठवा म्हणाल्या, ताई." मी कचेरीतून बाहेर व्हरांड्यात गेले, कारण मलाही रडू येत होतं आणि शिपाई बघत होता.

साडी गेली. पैसे आले. पाडव्याला बहिणीने मागावर नवा ताणा चढवला, स्वतःच्या रेशमाचा. व्यापाऱ्याला तिने स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "अडलीस तर ये." ते तिला फार आवडलं आणि तिने मला दोनदा सांगितलं. आता कोणी फोटो मागितला की ती फोटो पाठवते, आणि खाली लिहिते, रंगाचा धागा पोस्टाने पाठवते, पत्ता द्या. काही बायका पत्ता देतात, काही देत नाहीत. तिला लागणारी पाकिटं माझ्या कचेरीजवळच्या दुकानातून येवल्याला जातात, ते काम मी ओढून घेतलंय.

साखरपुडा झाल्यावर थोड्या दिवसांनी तिने मला व्हिडिओ कॉल केला. मागे माग चालू होता, मेव्हणे बसले होते, खट्-खट् येत होतं. ती ओरडून बोलत होती. "ताई, फोटो आलाय बघ. तुला पाठवलाय. बघ आधी."

मी कॉल न तोडता फोटो उघडला. मांडवात पाटावर बसलेली एक मुलगी, हातात नारळ. चेहरा हसरा, जरा बावरलेला. अंगावर माझ्या बहिणीची पैठणी. खांद्यावरून पुढे घेतलेला पदर, त्यावरचा मोर. मी त्या मोराची मान ओळखली, ती कधी झाली होती, पिसारा कधी धरला होता, सगळं मला फोनवर सांगितलेलं होतं. आणि साडी निळी होती. लख्ख निळी.

मी म्हटलं, "अगं, फोटोत तर..."

"निळी दिसते. माझ्या पण फोनवर निळीच दिसते," ती म्हणाली. तिने फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ आणला होता, मला तिचा एकच डोळा आणि अर्धं हसू दिसत होतं. "दिसू दे. नेसली ना."